उथळ कोपऱ्यातला दवाखाना

६ डिसेंबर

ताई,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. तू म्हणाली असतीस, "आली मोठी प्रियवाली." म्हणजे, वाचलं असतंस तर.

दहा महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस. आई फोन तुझ्या हातात देते आणि तू काही न बोलता तो तिला परत करतेस. मधल्या दोन सेकंदांत मला आपल्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. ते असं लगेच परत देता येत नाही. फार तर न फोडता ठेवून देता येतं.

मी बरी आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली मिळाली आहे. एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. प्रयोगशाळा चालत वीस मिनिटांवर आहे. आमच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्या कमी बोलतात आणि सगळं वहीत मागतात. पाण्याच्या टाक्या आणि पंप सांभाळणारे एक काका आहेत. जेवलीस का, असं या गावात विचारणारे तेवढे एकच.

काम काय ते सांगते. आमच्याकडे एक लांबलचक काचेची टाकी आहे, आपल्या दोन खाटा जोडल्या तर होईल एवढी. एका टोकाला पाणी कोमट, दुसऱ्या टोकाला गार, आणि मध्ये ते हळूहळू बदलत जातं. मासा हवा तिथे जाऊ शकतो. आम्ही त्याला जंतूंची लागण करतो आणि वरून कॅमेरा लावून बघतो, तो कुठे जाऊन राहतो.

आता तुला हसू येईल नाहीतर संताप येईल. मत्स्यबीज केंद्रात सात वर्षं तू हे नुसत्या डोळ्यांनी बघत होतीस. चार नंबरच्या तळ्याचा तो उथळ कोपरा, थंडीतही उन्हानं तापणारा. आजारी मासे तिथे येऊन थांबायचे आणि तू त्याला दवाखाना म्हणायचीस. "आज सहा जण दवाखान्यात आहेत." मग पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं सहा उभ्या रेघा. त्यातला कुणी बरा होऊन खोल पाण्यात परतला की त्याच्या रेघेवर एक आडवी रेघ.

चार नंबरच्या तळ्यातले मासे मेले ते रोगानं मेले. पण त्या दिवशी केंद्राच्या साहेबांपुढे मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "ताईनंच सांगितलं होतं, कोपऱ्यातून त्यांना हाकलायचं नाही, म्हणून मी हात लावला नाही." या एका वाक्यावर त्यांनी तुला कामावरून काढलं. मी माफी मागते. तू परत माझ्याशी बोलावंस, एवढंच मला हवं आहे.

तुझी लहान बहीण


२२ डिसेंबर

ताई,

आईला विचारलं, पत्र पोचलं का. म्हणाली, "पोचलं. तुझ्या बहिणीनं गादीखाली ठेवलंय." मी विचारलं, फोडलेलं की तसंच? तर म्हणाली, "तुम्ही दोघी बोला ना एकमेकींशी. मी काय टपालखातं आहे? डोळ्याचं ऑपरेशन माझं झालं आणि दिसत नाही तुम्हाला दोघींना."

तर मी धरून चालते की फोडलेलं आहे.

आज रविवार. टाक्या बघायला यावंच लागतं. इमारतीत कुणी नव्हतं. आज दिवसभरात माझ्याशी फक्त लिफ्ट बोलली. "दरवाजा बंद होत आहे." मी तिला "बरं" म्हणाले. हे तुला सांगतेय कारण मीच दचकले.

आमचे मासे म्हणजे ते सोनेरी मासे, लोक हौसेनं काचेच्या भांड्यात ठेवतात ते. तुझ्या बोटुकल्यांची, त्या बोटभर पिल्लांची, चुलत भावंडं. माशाचं रक्त गार असतं, त्याला आपल्यासारखा आतून ताप आणता येत नाही. मग तो काय करतो, जंतू अंगात शिरले की उठतो आणि कोमट पाण्यात जाऊन बसतो. बाहेरून ताप आणतो. पंपवाले काका म्हणाले, "एवढ्यासाठी एवढी मोठी टाकी? माझ्या घरी पाठवा मासे. आमच्या सूनबाई नुसत्या बघतात, ताप येतो." आणि स्वतःच इतका वेळ हसले की खोकला लागला.

पण ताप कशासाठी, ते ऐक. जखमेत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. तिथे त्या जंतूंवर जे ओततात ते फार जहाल असतं. जंतू मरतात, पण शेजारचं चांगलं मांसही भाजून निघतं. सूज, लाली, ठणका हे सगळं त्याचंच. पुस्तकात याला दाह म्हणतात. मी पदवीला असताना वाटायचं, दाह म्हणजे रोग. तसं नाही. दाह हा रोगाला दिलेला जबाब असतो, आणि तो वेळेवर सुरू व्हावा लागतो आणि वेळेवर थांबावाही लागतो. थांबवण्यासाठी शरीर वेगळी रसायनं सोडतं, त्यांचा अर्थ साधारण असा की, झालं, आता परत फिरा, इथे साफसफाई करायची आहे. तो निरोप गेला नाही तर जंतू मेल्यावरही जखम जळत राहते.

तुझ्या रेघा मी इथे चालवते. टाकीच्या काचेवर मार्करनं. मासा कोमट टोकाला गेला की उभी, परतला की आडवी. मॅडमनी विचारलं, ही पद्धत कुठली? मी म्हणाले, आमच्याकडची.

'आमच्याकडची' म्हणाले. 'ताईची' नाही.

तुझी लहान बहीण


११ जानेवारी

ताई,

पहिला प्रयोग संपला. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे कुणाला सांगू?

माशांचे तीन गट होते, तिन्हींना सारखीच लागण. पहिला गट सतत गार पाण्यात. दुसरा सतत कोमट पाण्यात. तिसरा त्या लांब टाकीत, मोकळा. दर दोन दिवसांनी थोडे मासे बाहेर काढून त्यांची जखम आणि रक्त तपासायचं. (ते मासे परत जात नाहीत. ते काम मी नीट करते, पण त्या दिवशी जेवण जात नाही.)

गार पाण्यातल्यांच्या पेशी उशिरा पोचल्या, आणि पोचल्या त्या हटेनात. चौदाव्या दिवशीही जखमा लाल, उघड्या. सतत कोमट पाण्यातल्यांनी जंतू बऱ्यापैकी मारले, पण दाह शांत करायला त्यांना वेळ लागला. आणि मोकळे होते ते लागण झाल्यावर काही तासांत कोमट टोकाला गेले. पेशी लवकर आल्या, जंतू संपले, आणि लगेच शांत व्हायचा निरोपही गेला. आठव्या दिवशी काचेवर पहिली आडवी रेघ. दहाव्या दिवसापर्यंत बहुतेक सगळे परतले. जखमेवर नवी कातडी धरलेली. कधी जायचं, किती दिवस राहायचं आणि कधी परतायचं, हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

मॅडम खुर्चीतून उठून टाकीपाशी आल्या आणि त्या रेघांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलाखतीत तू सांगितलेलं खरं निघालं."

मुलाखतीचं तुला माहीत नाही.

जूनमध्ये, तू बोलणं सोडलंस त्याला चार महिने झाल्यावर, मी इथे मुलाखतीला आले. अकरा जण होते, सगळे माझ्यापेक्षा चांगल्या कॉलेजांतले. एक मुलगी तर इतकं छान बोलत होती की तिलाच घ्या असं सांगून निघून यावंसं वाटलं. मॅडमनी विचारलं, "आजारी मासा काय करतो?" पुस्तकातलं सगळ्यांनी सांगितलं होतं. मी उथळ कोपऱ्याचं सांगितलं, रेघांचं सांगितलं. कोण किती दिवसांनी परततं, हेही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी पाहिलं?"

मी म्हणाले, "मी."

अकरा जणांतून मला घेतलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर, म्हणून तू सगळ्या केंद्रात पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली होतीस, आणि मला "ए पदवी, जरा बादली आण" अशी हाक मारायला लागली होतीस. त्या पदवीचा इथे काही उपयोग झाला नाही. तुझ्या भिंतीवरच्या खडूचा झाला.

हे लिहिलं म्हणजे बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये.

तुझी बहीण


२ फेब्रुवारी

ताई,

मॅडम शोधनिबंध लिहायला घेत आहेत. मोठ्या नियतकालिकात पाठवायचा आहे. सुरुवात तुझ्या तळ्यापासून करायची, असं त्यांनी ठरवलं. मला म्हणाल्या, तिथे काय घडलं ते तारखांसकट लिहून दे.

मी लिहून दिलं. थंडीच्या शेवटी चार नंबरच्या तळ्यात लाल चट्ट्यांचा रोग आला. आजारी बोटुकल्या उन्हाच्या कोपऱ्यात जमल्या. त्यांना तिथेच राहू दिलं. चार दिवसांत तळ्यातल्या बहुतेक सगळ्या मेल्या.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "राहू दिलं?"

"हो."

"मग मेल्या का?"

मी वहीची पानं उलटायला लागले.

"आपल्या टाकीत ज्यांना राहू दिलं ते वाचले. तुमच्या तळ्यात ज्यांना राहू दिलं ते मेले. जंतू तोच, थंडी तीच. मग फरक कशाचा?" त्या चिडल्या नव्हत्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांना वाटतंय, तळ्यात असं काहीतरी होतं जे ताप असूनही दाह बिघडवतं. ते शोधायला नवा प्रयोग आखलाय. पाण्यात वेगवेगळे क्षार घालून बघायचं. सहा आठवडे, दोनशे चाळीस मासे. तिथेच राहू दिलं, या माझ्या वाक्याच्या भरवशावर.

घरी आले, आईला फोन केला. तू कामावर होतीस, म्हणून मोकळेपणानं बोलली. म्हणाली, तू आता जातेस त्या इस्त्रीच्या कारखान्यात सगळ्या बायका तुझं नाव काढतात, पण तू कुणात मिसळत नाहीस. मग सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "आंघोळीचं पाणी घेते ते एक तर कढत नाहीतर बर्फासारखं. मी म्हटलं, अगं, हात घालून बघावं. तर म्हणते, मला कुठे कळतं पाण्यातलं."

ताई, तू असं म्हणालीस?

तुझा हात कोपरापर्यंत पाण्यात असायचा रोज सकाळी. मी हौसेनं थर्मामीटर आणला तेव्हा म्हणाली होतीस, "तुझी कांडी एका जागेचं सांगते. माझा हात चहूबाजूंनी विचारून येतो." मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावली आहेस. राग असला तर उतरेल, असं धरून मी पत्रं लिहीत होते. तू तर

उद्या लिहिते.


३ फेब्रुवारी

ताई,

चार नंबरच्या तळ्यातले मासे तुझ्यामुळे मेले नाहीत. माझ्यामुळे मेले. आता सगळं क्रमानं सांगते, मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघी तीन दिवस जाणार होतात. तू साहेबांना सांगितलंस, "माझी बहीण पदवीधर आहे, ती बघेल." सांगताना तुझा चेहरा कसा झाला होता, ते मला आठवतं. मला तू एकच गोष्ट सांगितलीस, बसमध्ये चढताना, एक पाय पायरीवर असताना: "दवाखान्यात कितीही गर्दी झाली तरी हात लावू नकोस."

बस नऊला गेली. मी तळ्यावर गेले तर उथळ कोपऱ्यात पाणी दिसेना, नुसत्या बोटुकल्या. अंगावर लाल चट्टे. मी घाबरले. आणि खरं सांगायचं तर थोडी खूशही झाले. मला वाटलं, हीच ती वेळ. माझ्या पुस्तकात स्पष्ट होतं की कोमट पाण्यात जंतू वाढतात, प्राणवायू कमी असतो, गर्दीत लागण पसरते. मला वाटलं, ताई येईल तेव्हा तळं निरोगी असेल, आणि मी तिला कारणासकट समजावून सांगीन.

मी बांबूनं पाणी झोडपून त्यांना कोपऱ्यातून हाकललं. परत येऊ नयेत म्हणून तो कोपरा जाळीनं बंद केला, आणि वर हिरवं कापड ताणून ऊन अडवलं. मग कालव्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. कालव्याचं पाणी इतकं गार होतं की पाइपवर दव धरलं.

त्या परत परत येत होत्या, ताई. जाळीला तोंडं लावून उभ्या होत्या. मला वाटलं, सवय आहे, मोडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या काही पोट वर करून तरंगताना दिसल्या. संध्याकाळी मोजता येईनात. तेव्हा मी व्हॉल्व्ह बंद केला, जाळी काढली, कापडाची घडी घालून होतं तिथे ठेवलं. घडी अगदी तुझ्यासारखी घातली, चौकोनी. म्हणजे बघ, मारलं ते न समजून मारलं, पण घडी समजून घातली.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. पिशवीसुद्धा खाली न ठेवता हात पाण्यात घातलास, कोपरापर्यंत. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "व्हॉल्व्हला हात लावलास?"

मी म्हणाले, "नाही."

तुझ्या हाताला गार लागत होतं आणि तुझी शिकलेली बहीण नाही म्हणत होती. तू हात बाहेर काढलास आणि त्याच्याकडे बघत राहिलीस. मला तेव्हा वाटलं, तू माझा खोटेपणा ओळखलास आणि म्हणून बोलणं सोडलंस. वर्षभर मी तेच धरून बसले, कारण त्यात निदान तुला खरं माहीत होतं. काल आईचं ऐकलं आणि कळलं की तू माझं ऐकलंस. हातावर विश्वास ठेवायचा की माझ्यावर, यात तू मला निवडलंस. आणि वर तासाभरात साहेबांपुढे मी ते वाक्य बोलले. साहेब म्हणाले, "शिकलेली मुलगी उभी असताना हा अडाणीपणा." तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

तुझा हात बरोबर होता. तुझा नियमही बरोबर होता. त्या बोटुकल्या स्वतःला बरं करत होत्या आणि मी त्यांचा ताप उतरवला.

उद्या मॅडमना सांगणार आहे. हे पत्र आधी टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.


२० फेब्रुवारी

ताई,

पत्र टाकलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चार दिवस लागले. रोज मॅडमच्या दारापर्यंत जायचे आणि पंपवाल्या काकांना काहीतरी विचारून परत यायचे. शेवटी काकाच म्हणाले, "पोरी, त्या पंपाला काही झालेलं नाही. आत जा."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग नव्या प्रयोगाचा कागद समोर ओढून त्यावर एक तिरकी रेघ मारली.

"दोनशे चाळीस मासे," त्या म्हणाल्या. "तुझ्या एका 'हो'साठी."

मी रडले नाही, म्हणजे तिथे नाही. त्यांनी विचारलं, "निरीक्षण कुणाचं?" मी म्हणाले, माझ्या ताईचं. "किती वर्षांचं?" सात. "नोंदी?" भिंतीवर. "मग तुझं नाव त्या भागातून काढते. तिचं पूर्ण नाव लिही." मी लिहिलं. माझी नेमणूक ऑगस्टपर्यंतच आहे; पुढे काय होणार, ते त्या बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. वही मात्र पूर्वीसारखीच मागतात. फक्त आता प्रत्येक आकड्यासमोर विचारतात, "हे तू पाहिलंस?" त्यांचा हक्क आहे.

केंद्राच्या साहेबांनाही लिहिलं, सही करून, तारीख घालून, काय काय केलं ते सगळं. तुला परत कामावर घ्यावं, आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीचे फोटो पाठवावेत, असंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, तीन ओळींचं. तुझ्या जागी माणूस लागलेला आहे. मागचं उकरून काढण्यात अर्थ नाही. पंपाच्या खोलीला मे महिन्यात रंग दिला.

सात वर्षं, ताई. रंगाच्या एका हातात गेली.

मी साहेबांना परत लिहिलंय. ते उत्तर देणार नाहीत, तरी लिहिलं. मॅडमना भिंतीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "भिंत गेली. जिनं लिहिलं ती आहे ना?" मी म्हणाले, आहे, पण माझ्याशी बोलत नाही. "मग माझ्याशी बोलेल का ते विचार."

म्हणून विचारते. तुझ्या लक्षात जे आहे ते त्यांना थेट सांगशील का? मी मध्ये नसेन. फोन त्याच करतील. नको असेल तर त्याचंही उत्तर द्यायला नको.

गेल्या रविवारी लिफ्टही बंद होती. जिन्यानं चढले. आत लांब टाकीत एकच मासा उरला होता, अजून कोमट टोकाला. बाकीचे दहा-बारा दिवसांत परतले तसा तोही परतेल असं वाटत होतं, तो परतला नाही. मी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले. काचेवर टकटक करायचा मोह झाला. नाही केली.

तुझी बहीण


१४ मार्च

ताई,

तुझं कार्ड काल मिळालं. सायकलवाल्यांनी जिन्याच्या कठड्याला अडकवून ठेवलं होतं. अक्षर बघितलं आणि तिथेच पायरीवर बसले. दुकानातले म्हणाले, "वाईट बातमी का हो?" मी म्हणाले, माहीत नाही.

'पदवी,' अशी सुरुवात केली आहेस. टोमणा आहे की हाक, ते मी रात्रभर ठरवत होते. नाही ठरलं. खाली दोनच ओळी. 'व्हॉल्व्ह किती वेळ उघडा होता? तुमच्या टाकीतलं पाणी हाताला कसं लागतं ते कळव, आकडा नको.'

पहिल्याचं उत्तर: सकाळी साडेदहाला उघडला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद केला. साडेतीस तास. उघडला तेव्हा तुमची बस अजून अर्ध्या वाटेतही नसेल. तुला आणखी काहीही विचारायचं असेल तर विचार. जे आठवतं ते सांगीन, आठवत नसेल तर तसं सांगीन.

दुसऱ्यासाठी आज सकाळी लवकर गेले. इथे पाण्यात हात घालायची गरज पडत नाही, दर वीतभर अंतरावर एक कांडी लटकते. सात महिन्यांत मी एकदाही घातला नव्हता. काकांना विचारलं, चालेल का. म्हणाले, साबण लावू नकोस, नुसता धुऊन घे. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला, तू घालायचीस तसा, बोटं सैल सोडून.

गार टोकाला: आधी मनगटाला कळतं, मग दंडात चढतं, आणि थोड्या वेळानं बोटं आपली नसल्यासारखी होतात. चार नंबरच्या तळ्यात तू हात घातलास तेव्हा असंच लागलं असेल. त्याहून जास्त.

कोमट टोकाला: काहीच लागत नाही. हात पाण्यात आहे हेच कळत नाही. तो एकटा मासा अजून तिथेच आहे, पण जखम भरली आहे. तो माझ्या बोटांपाशी आला, थांबला, आणि तसाच उभा राहिला. मी हात हलवला नाही.

मधलं: मधे मी तीनदा हात घालून पाहिला, तिन्ही वेळा वेगळं वाटलं. कुठे गार संपतं आणि कुठे कोमट सुरू होतं, ते मला ओळखता आलं नाही.

पदवी